पिवळी पट्टी कुठून येते?

शाळेच्या निकालाची एक मोठी एक्सेल फाइल आहे, असं समजा. एक बटण दाबलं की मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारा छोटा कोड, कामाला लागतो, प्रत्येक तुकडीचं शीट उचलतो आणि त्याची वेगळी फाइल करून ठेवतो. त्या फाइलीत नावं आणि गुण, एवढंच. तरी वर्गशिक्षकांनी ती उघडली की वर पिवळी पट्टी येते: मॅक्रो बंद केले आहेत. मग फोन सुरू होतात, ‘यात व्हायरस आहे का हो?’

व्हायरस नसतो. ती पट्टी कोड चांगला की वाईट हे सांगतच नाही. फाइलीत कोड आहे, एवढंच सांगते. आणि कोड खरंच असतो. एक्सेलमध्ये प्रत्येक शीटच्या मागे कोड लिहायचं एक पान असतं. गुण बदलले की रंग बदलावा, असं काही तिथे लिहिलेलं असेल, तर शीटची नक्कल करताना ते पानही सोबत जातं. जुन्या एक्सेलमध्ये तर मॉड्यूलमधला (कोडच्या वेगळ्या पानावरचा) मजकूर पुसला, पण रिकामं मॉड्यूल तसंच राहिलं, तरी इशारा येत असे.

२००७च्या ऑफिसपासून यावर सरळ उपाय आहे. तेव्हा आलेली एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप गाठोडं. मॅक्रोचा कोड त्यात वेगळ्या तुकड्यात राहतो आणि तो तुकडा एक्सएलएसएमसारख्या मॅक्रो चालणाऱ्या फाइलीतच चालतो. एक्सएलएसएक्समध्ये त्याला जागाच नाही. म्हणून मॅक्रोतल्या सेव्ह करण्याच्या ओळीत फाइल फॉरमॅट ५१, म्हणजे एक्सएलएसएक्स, लिहावा. ५२ म्हणजे मॅक्रोसकट, ५६ म्हणजे जुनी एक्सएलएस. कोड गळून पडेल, चालेल का, असं एक्सेल मध्येच विचारतं. तेवढ्यापुरते मॅक्रोतून अलर्ट बंद ठेवावेत.

बरेच जण आकडा न देता नावापुढे नुसतं ‘एक्सएलएस’ जोडतात. मग वेगळाच इशारा येतो: फॉरमॅट आणि एक्सटेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतरची अक्षरं) जुळत नाही. डब्यावर साखर लिहिलंय आणि आत मीठ आहे, तशी ही गत. एक्सेल नावावर विसंबत नाही, आतला मजकूर तपासतं. झिप गाठोड्याची सुरुवात ‘पीके’ या दोन अक्षरांनी होते. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं आजही आपल्या प्रत्येक एक्सएलएसएक्स फाइलीत आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘बाहेरच्या लिंक आहेत’ हा इशारा सूत्रांमुळे येतो. मूळ फाइलीतल्या दुसऱ्या शीटवरून आकडा घेणारं सूत्र नकलेत गेलं, की ते मूळ फाइलीकडेच बोट दाखवत राहतं. सूत्रांच्या जागी त्यांची उत्तरं (व्हॅल्यूज) चिकटवावीत. तरीही इशारा गेला नाही, तर नाव दिलेल्या रेंजमध्ये (नाव ठेवलेल्या चौकटींच्या गटात) पाहा. तिथे लिंक बऱ्याचदा दडलेली असते.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलीची गोष्ट मात्र निराळी. विंडोज अशा फाइलीला एक अदृश्य चिठ्ठी लावतं: झोन ३, म्हणजे इंटरनेट. ती पाहून एक्सेल फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, उघडतं. फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ही चिठ्ठी टिकत नाही, म्हणून तीच फाइल पेनड्राइव्हवरून आणली की निमूट उघडते. आपल्या मॅक्रोने या इशाऱ्याला हात लावू नये. पाठवणारा ओळखीचा असेल आणि त्याने फाइल पाठवल्याची खात्री केली असेल, तर घेणाऱ्याने प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर टिक करावी.

‘सर, पट्टी आली तर एनेबल दाबा’ असं मात्र कुणाला सांगू नका. मार्च १९९९मध्ये मेलिसा व्हायरस वर्डच्या फाइलीतून असाच पसरला. फाइल उघडून मॅक्रो चालू दिला, की तो आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा, तेही ओळखीच्या माणसाच्या नावाने. शिक्षकांना एनेबल दाबायची सवय आपणच लावली, तर पुढची फाइल आपली नसेल तेव्हाही त्यांचं बोट तिथेच जाईल.

पाठवण्याआधी एवढं करून पाहा. तयार फाइलीची एक नक्कल घ्या, तिचं एक्सटेन्शन झिप करा आणि आतला ‘एक्सएल’ फोल्डर उघडा. तिथे ‘व्हीबीए प्रोजेक्ट’ नावाची बिन फाइल दिसली, तर कोड अजून आत आहे. सेव्हच्या ओळीतला आकडा पुन्हा तपासा.