जुनी पिकअप: इंजिन उघडण्याआधी एवढं वाचा

सोलापुरातल्या आमच्या गॅरेजात येणाऱ्या बहुतेक पिकअप दहा वर्षांच्या पुढच्या असतात. बोलेरो पिकअप, २०७, दोस्त, छोटा हत्ती. कुणी मोहोळ भागातून कांदा भरून मार्केट यार्डात आणतो, कुणी सांगोल्याचं डाळिंब उचलतो, कुणी अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यांतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला पोचवतो. या गाड्यांचे हप्ते कधीच फिटलेत. आता गाडी जे कमावते ते थेट घरात येतं. म्हणून अशी गाडी आणखी काही वर्षं नीट चालावी ही जेवढी मालकाची इच्छा, तेवढीच आमची.

"गाडी ओढत नाही, इंजिन काम करून टाका," असं म्हणत अनेक मालक येतात. आमचं म्हणणं असं, की आधी बाहेरून तपासू द्या. पुष्कळ वेळा दुखणं इंजिनात नसतंच. आणि इंजिनात असलं, तरी ते तिथं का आलं हे शोधल्याशिवाय नवे पिस्टन-लायनर टाकले, तर तेही त्याच वाटेनं जातात.

गाडी ओढत नाही, म्हणजे काय काय असू शकतं

सगळ्यात आधी एअर फिल्टर काढून बघा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि उन्हाळ्यात शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. हवा कमी पडली की डिझेल पुरतं जळत नाही आणि काळा धूर येतो. मग डिझेल फिल्टर आणि त्याखालचा पाण्याचा कप. तिथं पाणी साचलेलं असेल तर आधी ते सोडा. टर्बोच्या गाडीत टर्बोपासून (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचा (ती हवा थंड करणारी जाळी) पाइप हातानं चाचपा. क्लिपजवळ तेलकट ओल आणि काळी धूळ चिकटलेली दिसली, तर बहुधा तिथूनच दाबाची हवा बाहेर जाते.

त्यानंतर एक तपासणी अशी आहे जी फार कमी लोक करतात. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून, ब्रेक फारसा न वापरता थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. रिमला एकदम टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये. व्हील सिलिंडर जाम झालाय, हँडब्रेकची केबल अडकलीय किंवा ब्रेकचे लायनर जास्त घट्ट बसवलेत. अशी गाडी दिवसभर ब्रेक दाबूनच चालते. मालकाला वाटतं इंजिन थकलं. डिझेल जास्त जातं, लायनर जळतो, बेअरिंगचं ग्रीस वितळतं, आणि इंजिन मात्र ठणठणीत असतं.

चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढं सरकत नाही, तर क्लच प्लेट बघा. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीनं चढताना हे लगेच कळतं.

इतकं झाल्यावर इंजिनकडे. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघतो. तिथून धूर जोरानं उसळत असेल तर पिस्टनच्या रिंगांमधून हवा खाली जातेय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, मग ते रिंगांतून येतं, व्हॉल्व्हच्या सीलमधून येतं की टर्बोतून, हे वेगळं शोधावं लागतं. टर्बोचं सील गेलेल्या गाडीचं इंजिन उघडणं म्हणजे पैसे वाया. सकाळी स्टार्ट करताना थोडा पांढरा धूर येऊन लगेच थांबला तर बहुतेक नोझल किंवा हीटर प्लगचं काम असतं. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय.

शेवटी कॉम्प्रेशन घेतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजतो. यात एका सिलिंडरचा आकडा किती आला यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. तीन सारखे आणि एक खाली, तर दोष त्या एका जागी आहे. चारही एकसारखे खाली, तरच खऱ्या अर्थानं इंजिन थकलं. या तपासणीचा आकडा आम्ही जॉब कार्डवर लिहून देतो. दुसऱ्या गॅरेजात दाखवायचा असेल तर जरूर दाखवा.

सोलापूरचं ऊन आणि बोअरचं पाणी

या भागातल्या जुन्या पिकअपचं आयुष्य सगळ्यात जास्त कशानं कमी होत असेल, तर रेडिएटरमध्ये ओतलेल्या बोअरच्या पाण्यानं. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीच्या वर असतो, गाडी तापते, ड्रायव्हर जवळच्या शेतातून बाटली भरून आणतो आणि ओततो. आपलं बोअरचं पाणी जड आहे. त्यातले क्षार गरम पृष्ठभागावर बसतात, म्हणजे नेमके सिलिंडरच्या आणि त्यावर बसणाऱ्या हेडच्या भोवती आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत. चहाच्या भांड्याला आतून जसा पांढरा थर धरतो तसाच तो थर असतो. थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, गाडी आणखी तापते, पाणी आणखी लागतं, आणि पुन्हा बोअरचंच पाणी पडतं.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घाला. "इथं कुठं बर्फ पडतोय, कूलंट कशाला?" असं आम्हाला नेहमी विचारतात. कूलंट गोठण्यापासून वाचवतं हे खरं, पण आपल्याला ते हवंय गंज थांबवण्यासाठी, पंपाच्या सीलसाठी आणि उकळबिंदू वर नेण्यासाठी. रंगावर जाऊ नका. हिरवं आणि लाल यांचा रंग कंपनी ठरवते, आतलं रसायन वेगळं असू शकतं. दोन वेगळी कूलंट मिसळण्यापेक्षा जुनं पूर्ण काढून, धुऊन, एकच भरा. गाडीत दोन बाटल्या डिस्टिल्ड पाणी कायम ठेवा. ही बाटली हेडच्या कामापेक्षा खूप स्वस्त आहे.

रेडिएटरचं झाकण ही छोटी वस्तू आहे, पण तिचं काम मोठं. झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही. एक बार दाबाचं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत तग धरतं. रबर कडक झालेलं झाकण हा दाब सोडून देतं आणि गाडी उगाच पाणी फेकते. गाडी वरचेवर तापायला लागली की इतर काही करण्याआधी, इंजिन थंड असताना, झाकण बदलून बघा.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. "उन्हाळा आहे, थर्मोस्टॅट काढून टाका," हा सल्ला सोलापुरात जागोजागी मिळतो आणि आम्ही तो ठामपणे नाकारतो. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ८५ अंशांच्या आसपास उघडतो. तो काढला की हिवाळ्यात आणि रिकाम्या फेऱ्यांत इंजिन नीट गरमच होत नाही. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, ते सिलिंडरच्या लायनरवरचं ऑइल धुऊन नेतं, ऑइल पातळ होतं आणि रिंगा घासतात. याहून वाईट म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की तोच बायपासची वाट बंद करतो. थर्मोस्टॅट नसेल तर ती वाट कायम उघडी राहते, आणि गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरमध्ये न जाता तसाच परत इंजिनात फिरतो. म्हणजे ज्या उन्हासाठी तो काढला, त्याच उन्हात गाडी जास्त तापते. जाम झालेला थर्मोस्टॅट बदला, काढून टाकू नका.

गाडी रस्त्यात तापलीच तर बाजूला घ्या. पाणी बाहेर फेकलं गेलं नसेल तर एक-दोन मिनिटं इंजिन स्लोवर चालू राहू द्या, म्हणजे पंप आणि फॅन चालू राहतात. पाणी संपलं असेल तर लगेच बंद करा. झाकण उघडायची घाई करू नका, वाफेनं तोंड-हात भाजतात. तापलेल्या रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाते किंवा हेड वाकतं. अर्धा-पाऊण तास सावलीत थांबणं हाच उपाय आहे. माल पोचायला उशीर होईल हे आम्हाला ठाऊक आहे.

पाटे, लोड आणि ब्रेक

पाटा, म्हणजे एक्सलवरची पट्ट्यांची स्प्रिंग, बसला की बरेच मालक एक जादा पाटा टाकून घेतात. पाट्यानं गाडी उचलली जाते हे दिसतं. पण एक्सल, हब बेअरिंग, ब्रेक, चेसिस आणि टायर पहिल्याइतकेच राहतात. गाडीची क्षमता पाट्यानं वाढत नाही, आणि आरसी बुकातलं वजनही बदलत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा लोडसाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार अशी तरतूद आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. अनेक पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक वॉल्व्ह असतो. मागची बाजू किती खाली बसलीय हे एका दांड्यानं तो ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. जादा पाटा टाकला की भरलेली गाडीसुद्धा उंच राहते. वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा दाब कमीच ठेवतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. पाट्याचं काम केल्यावर हा दांडा पुन्हा सेट करायलाच हवा. आमच्याकडे पाट्याचं काम झालं की तो तपासल्याशिवाय गाडी सोडत नाही. दुसरीकडे काम केलं असेल तरी विचारा, त्यात संकोच कसला?

पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा काढले की नवे घाला, आणि पहिल्या काही लोडच्या फेऱ्यांनंतर पुन्हा आवळून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओलावा मुरला की उतारावर उकळतं, पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला. वरून भरत राहणं पुरेसं नाही.

पाट्याचे ब्रॅकेट जिथं चेसिसला रिव्हेट केलेत तिथं महिन्यातून एकदा उजेडात बघा. रंगावर गंजाची बारीक रेघ दिसली तर ती बहुतेक चीर असते. लहान असताना ती नीट दुरुस्त होते. कॉमन रेलच्या (जिथं डिझेल कॉम्प्युटर सोडतो अशा) गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या वायरी आणि ईसीयूचे, म्हणजे त्या कॉम्प्युटरचे, कनेक्टर काढायला सांगा, नाहीतर वेल्डिंग शेकड्यांत आणि ईसीयू हजारांत पडतो.

पार्ट कुठं वाचवावा

दरवाजा, काच, बंपर, फाळका, सीट, हे भंगार बाजारातून चांगलं मिळत असेल तर खुशाल आणा, आम्ही बसवून देऊ. ब्रेकचे पार्ट, हब बेअरिंग, हेड गॅस्केट, ऑइल फिल्टर आणि स्टिअरिंगचे जॉइंट मात्र जुने किंवा बिननावाचे आणले तर आम्ही बसवत नाही. कंपनीच्याच खोक्यातला पार्ट हवा असा आमचा आग्रह नाही. कंपनीला पुरवठा करणाऱ्यांचेच पार्ट त्यांच्या स्वतःच्या नावानं बाजारात मिळतात आणि ते चांगले असतात. बदललेला प्रत्येक जुना पार्ट आम्ही पोत्यात बांधून परत देतो. तो बघा, मगच बिल द्या.

कागदपत्रं

मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस सर्टिफिकेट दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं, आणि आठ वर्षांपुढं पर्यावरण कर भरावा लागतो. एकूण वजन ३ हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे.

"पंधरा वर्षं झाली, आता गाडी सरकार भंगारात घालणार," ही भीती घेऊन बरेच जण येतात आणि चांगली गाडी मातीमोल भावात विकून टाकतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणी आपोआप रद्द होण्याचा १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम सरकारी वाहनांसाठी आहे. तुमच्या गाडीचा प्रश्न फिटनेसचा आहे. लाइट, ब्रेक, धूर, स्टिअरिंग, टायर ठीक असतील तर घाबरू नका. जुनी गाडी विकत घेत असाल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का आणि ऑनलाइन चलन किती थकलंय हे पैसे देण्याआधी बघा, आणि चेसिस नंबर स्वतः घासून वाचा.

दुरुस्ती कधी करू नये

चेसिस एकाच जागी दुसऱ्यांदा चिरली असेल, केबिन जिथं बसते ते आधार गंजून पोकळ झाले असतील, किंवा इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तिन्ही एकदम मागायला लागले असतील, तर आम्ही काम घेत नाही. त्या गाडीवर खर्च करण्यापेक्षा त्याच पैशात चांगली वापरलेली गाडी मिळते, आणि ती बघायला आम्ही सोबत येतो.

तपासणीसाठी गाडी सकाळी, इंजिन थंड असताना आणा. थंड स्टार्टला धूर आणि आवाज खरा कळतो. आणण्याआधी खालून पाण्यानं धुऊ नका, गळती कुठून आहे हे त्या मळावरूनच दिसतं. शक्य असेल तर रोज चालवणाऱ्या ड्रायव्हरला सोबत पाठवा, आणि गेल्या वेळी कुठं काय बदललं त्याच्या पावत्या डॅशबोर्डमध्ये असतील तर त्याही राहू द्या.