‘हातात पैसा टिकत नाही’ हा स्वभाव नव्हे

गरिबीत वाढलेल्याला धीर नसतो, म्हणून त्याच्या हातात पैसा टिकत नाही, असं नागपुरात सर्रास ऐकू येतं. हे चूक आहे, आणि माणसांवर अन्याय करणारंही.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात २८ लहान मुलांना चांगलं चित्रकलेचं साहित्य आणून देतो असं सांगितलं गेलं. निम्म्यांना ते मिळालं, निम्म्यांना नाही. मग समोर एक गोड गोळी ठेवून सांगितलं, थांबलास तर दुसरी मिळेल. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली ३. धीर भरवशावर ठरत होता.

इतवारीच्या घाऊक बाजारात पोत्याने तांदूळ स्वस्त पडतो हे रोजंदारीवरच्या घरालाही ठाऊक असतं. एकरकमी पैसा नसतो, म्हणून गल्लीतून किलो-किलो येतो. शिल्लक उरलीच, तर कुणाचा दवाखाना ती खातो. त्याआधी छपराचे पत्रे किंवा भांडी घेतलेली बरी. हा हिशेबच आहे.

पगार सुरू झाला तरी हिशेब जुनाच राहतो. कुणी लगेच खर्चतं, कुणी चष्म्यासाठीही पैसे काढत नाही. अशा वेळी उपदेश नको. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ५०० रुपयांची आवर्ती ठेव (आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम साठवणारी ठेव) आपोआप कापली जावी. सुरुवातीलाच ३,००० लावले की तिसऱ्या महिन्यात ठेव मोडते आणि पैसा टिकणारच नाही ही जुनी भीती पक्की होते. ठेव बँकेतच ठेवा: तिथे ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.