एका राउटरवर दोन वाटा

इंटरनेटच्या दोन लाईनी एकत्र करायची युक्ती निघाली ती वेगासाठी. १९९० च्या दशकात आयएसडीएन, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या डिजिटल लाईनीत ६४ केबीपीएसचे दोन मार्ग असत. ते मिळून १२८ व्हावेत म्हणून १९९४ मध्ये मल्टिलिंक पीपीपी हा प्रोटोकॉल मांडला गेला आणि १९९६ मध्ये तो सुधारून आला. त्यात पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, एका टोकाला दोन मार्गांवर वाटायची आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा जुळवायची. दुसऱ्या टोकालाही जुळवणारं कोणी हवं, ही अट खऱ्या बाँडिंगला, म्हणजे दोन लाईनींची एक करण्याला, आजही चुकलेली नाही. एकच जोडणी अनेक वाटांनी नेणाऱ्या २०१३ च्या मल्टिपाथ टीसीपीलाही ती आहेच.

घरगुती राउटरवर मात्र वेगळीच पद्धत रुळली. १९९९ च्या लिनक्स २.२ मध्ये कुठलं पॅकेट कुठल्या लाईनीने जावं याचे नियम लावता येऊ लागले. २००४ पासून ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे हेच लिनक्स स्वस्त राउटरवर आलं. इथे अख्ख्या जोडण्या वाटल्या जातात, सुटी पॅकेट नव्हे: एक डाउनलोड किंवा एक साईट सुरू झाली की ती एकाच लाईनीने चालते. म्हणून दोन लाईनी घेतल्या तरी एकच फाईल दुप्पट वेगाने उतरत नाही, आणि मध्येच लाईन बदलली तर बँकेची साईट पुन्हा लॉगिन मागू शकते. दुकानात 'स्पीड डबल' म्हणून राउटर गळ्यात मारतात, ते मला अजिबात पटत नाही.

दोन लाईनींचा खरा फायदा म्हणजे एक बंद पडली तर दुसरी असते, आणि कोकणात त्याचं मोल कळलं ते ३ जून २०२० ला. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली भागात माड-पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. कित्येक वाड्यांत लाईट यायला आठवडे लागले. तेव्हा टाळेबंदी होती. मुंबईहून गावी आलेल्यांचं ऑफिस आणि मुलांची शाळा, दोन्ही नेटवर आलं होतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ, जुलैत चिपळूणचा पूर. एका लाईनीवर विसंबणं परवडणारं नाही, हे तेव्हापासून लोकांच्या मनात पक्कं बसलं.

आता सर्रास दिसते ती जोडी म्हणजे घरात फायबर आणि त्याला आधार सिमवरच्या नेटचा. फायबर दूर कुठे जेसीबीने तोडली तरी राउटरला आपल्या बाजूची केबल लागलेलीच दिसते आणि तो नेट चालू आहे असं समजतो. म्हणून प्रत्येक लाईनीवरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी छोटी हाक, करायची आणि उत्तर थांबलं की दुसरी वाट धरायची. ओपनडब्ल्यूआरटीवर हे काम एमवॅन३ (mwan3) हे पॅकेज करतं.

एवढं करूनही दोन कंपन्यांच्या दोन फायबर एकाच खांबावरून आल्या, तर एक फांदी दोन्ही नेते. टॉवरची बॅटरी उतरली की सिमही गप्प. त्यामुळे वाट खरोखर वेगळी आहे ना, हे लाईन घेण्याआधी वायरमनला विचारा. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही छोट्या डीसी यूपीएसवर, म्हणजे थेट त्यांना वीज देणाऱ्या बॅटरीच्या डब्यावर, ठेवा. पावसाळ्यात पहिली जाते ती लाईटच.