पेन ड्राइव्हला सदतिसावा सेकंद माहीत नसतो

सोलापुरात चादरीचं किंवा टॉवेलचं नवं डिझाइन इलेक्ट्रॉनिक जकार्डपर्यंत (मागावर नक्षी विणवणारं यंत्र) बरेचदा पेन ड्राइव्हवरून जातं. एक प्रत डिझायनरच्या कॉम्प्युटरवर, दुसरी ड्राइव्हवर. नवी कुठली यावर घोळ झाला की सगळे 'मॉडिफाइड' तारीख बघतात. ही तारीख फाइलच्या आतच असते आणि ती कुणाला बदलता येत नाही, हा समज पक्का आहे. दोन्ही चूक.

डिस्कवर प्रत्येक फाइलची एक स्वतंत्र नोंद असते: आकार, मालक, परवानग्या आणि वेळ. लिनक्सवर ही वेळ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून मोजतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्यामुळे फाइलवर '१-१-१९७०, ५:३०' दिसलं, तर कुणीतरी तिथे शून्य लिहिलंय एवढाच त्याचा अर्थ. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-सिस्टिम (डिस्कवर फाइली आणि त्यांच्या नोंदी ठेवायची पद्धत) १६०१ पासून मोजते आणि सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत जाते.

पेन ड्राइव्हवरची फॅट३२ ही फाइल-सिस्टिम मात्र जुन्या वळणाची. शेवटच्या बदलाच्या वेळेसाठी तिच्याकडे फक्त १६ बिट (० किंवा १ ची घरं). तासांना ५ गेले, मिनिटांना ६, उरले ५. पाच बिटांत ३२ च आकडे बसतात आणि सेकंद तर ६०. मग तोडगा काढला: सेकंद निम्मे करून ठेवायचे, ० ते २९, आणि वाचताना दुप्पट करायचे. म्हणून ४ वाजून १५ मिनिटं ३७ सेकंदांनी सेव्ह केलेली फाइल ड्राइव्हवर ३६ ची होते किंवा ३८ ची. लिनक्स खाली आणतं, विंडोज वर ढकलतं. तारखेच्या वेगळ्या १६ बिटांपैकी वर्षाला ७ मिळतात, सुरुवात १९८० पासून, म्हणजे धाव २१०७ पर्यंत. वर ही वेळ स्थानिक घड्याळाची, टाइमझोनचा पत्ता नाही.

याचा फटका बॅकअपला बसतो. 'वेळ तंतोतंत सारखी नसेल तर कॉपी कर' अशी स्क्रिप्ट लिहिली, की ती रोज रात्री जवळपास सगळ्याच फाइली पुन्हा कॉपी करत बसते. दोन सेकंदांपर्यंतचा फरक सोडून द्यायचा, हा उपाय. रोबोकॉपी या विंडोजवरच्या कॉपी करायच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी 'एफएफटी' हा पर्याय आहे, लिनक्सवरच्या आरसिंकमध्ये 'मॉडिफाय-विंडो'.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ओएस.स्टॅट हे फंक्शन फाइलची ही नोंद वाचून देतं. तिच्यातला 'एसटी_एमटाइम', म्हणजे शेवटच्या बदलाची वेळ, हा अपूर्णांक असतो आणि तिथेच मेख आहे. ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये (अपूर्णांक साठवायच्या प्रकारात) ५३ बिटच खऱ्या अंकांचे. आजच्या तारखेचे सेकंद मांडले की उरलेल्या जागेत सुमारे २३८ नॅनोसेकंदांच्याच पायऱ्या पडतात. वाचलेला आकडा तसाच परत लिहिला तरी शेपटीचे अंक बदलू शकतात. त्यापेक्षा 'एसटी_एमटाइम_एनएस' वापरावा, तो नॅनोसेकंदांतला पूर्णांक आहे.

लिहायचं काम ओएस.यूटाइमचं: एनएस=(एटाइम, एमटाइम). आधी वाचल्याची वेळ, मग बदलल्याची. एकच द्यायची सोय नाही. फक्त दुसरी बदलायची असेल तर पहिली आधी वाचून जशीच्या तशी परत द्यावी. आणि फाइल बंद केल्यावरच हे करावं. उघड्या फाइलवर केलं, तर बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, अडकलेला मजकूर बंद होताना डिस्कवर उतरतो आणि घातलेली वेळ पुसून आताची बसते. ही चूक शोधायला फार वेळ जातो, कारण एरर काहीच येत नाही.

निवडणुकीच्या निकालानंतर 'आम्ही हे महिन्याभरापूर्वीच लिहून ठेवलं होतं, फाइलची तारीख बघा' म्हणणारे ज्योतिषी ओएस.यूटाइमची ही एकच ओळ वापरू शकतात. लिनक्सवर नोंद बदलल्याची तिसरी वेळ, सीटाइम, असते. ती यूटाइमने मागे नेता येत नाही, उलट ते चालवल्याचाच क्षण तिथे उमटतो. पण मशीनचं घड्याळच मागे केलं तर तीही फसते. भाकीत खरंच आधीचं असेल, तर त्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, मजकूर जरा बदलला की तोही बदलतो) निकालाआधी चारचौघांत जाहीर करावा. ६४ अक्षरं असतात, एका मेसेजमध्ये मावतात.