चाळीस फूट, पण कुठल्या बंधाऱ्यावर?

पावसाळ्यात कोल्हापूरकराला चहाच्या आधी मोबाइलवर पंचगंगेची पातळी बघायची सवय आहे, २०१९च्या महापुरापासून तर फारच. तो मेसेज एकदा नीट वाचा. राजाराम बंधारा, सकाळी सात, अमुक फूट तमुक इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. किती बंधारे पाण्याखाली, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले. चार ओळींत कुठं, कधी, कशाच्या तुलनेत, सगळं येतं. नुसतं ‘पाणी चाळीस फूट’ असं कुणी पाठवलं तर गल्लीतलं पोरगंही विचारेल, कुठल्या बंधाऱ्यावर?

गंगावेशीत दुधाचा पेला हातात असताना एका मित्रानं मला जनुकीय चाचणीचा अहवाल दाखवला. ‘बघ की भावा, मला शुगरचा धोका १.४ पट म्हणं.’ मी विचारलं, कुणाच्या १.४ पट? अहवालात ते कुठंच नव्हतं.

आकडा हवेतून आलेला नसावा. टीसीएफ७एल२ या जनुकातल्या एका बदलाचा टाइप २ मधुमेहाशी संबंध आहे, हे आइसलंडमधल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं. त्या बदलाच्या एकेका प्रतीमागं धोका साधारण तेवढाच वाढतो. पण शंभरातल्या दहांना होणाऱ्या आजारात १.४ पट म्हणजे दहाचे फार तर चौदा. शंभरात एकालाच होणाऱ्या आजारात एकाचे दोनही नाहीत.

खरी गोम त्याच्याही मागं आहे. असे अभ्यास बहुतेकदा रुग्ण आणि निरोगी माणसं वेगवेगळी गोळा करून होतात, समजा पाचशे-पाचशे, निम्मे-निम्मे. जनुक आणि आजार यांचं नातं शोधायला ही पद्धत झकास. पण त्या हजारांत निम्मे आजारी आहेत ते आपण निवडले म्हणून. त्यावरून ‘तुम्हाला आजार होण्याची शक्यता इतके टक्के’ असं थेट काढता येत नाही. त्यासाठी गावात तो आजार किती जणांना होतो, हे बाहेरून आणावं लागतं. ते कुठून आणलं हे शोधनिबंधात लिहिलं नसेल, तर वाचणाऱ्यानं काय करायचं?

हिशोब कुणी कसा केला यावर उत्तर किती बदलतं, हे दिसलंही आहे. २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं काही माणसांचे तेच नमुने जनुकीय चाचण्या विकणाऱ्या चार कंपन्यांकडे पाठवले. त्यातल्या एकाला प्रोस्टेट कर्करोगाचा धोका सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि सरासरीपेक्षा जास्त, अशी तिन्ही उत्तरं मिळाली! प्रत्येक कंपनीनं निवडलेले जनुकबदल वेगळे, हिशोब वेगळा.

त्याआधीच, डिसेंबर २००९ मध्ये, अटलांटा इथं तज्ज्ञांची कार्यशाळा झाली होती आणि तिच्यातून २०११ साली, जनुकांवरून आजाराचा धोका सांगणाऱ्या अभ्यासांसाठी, ‘ग्रिप्स’ नावाची २५ मुद्द्यांची यादी आली. अभ्यास कसा करावा हे ती सांगत नाही, केलेला अभ्यास कसा लिहावा एवढंच सांगते. माणसं कशी निवडली, कुठले जनुकबदल घेतले आणि का, अर्धवट माहितीचं काय केलं, वय-वजन-घरचा इतिहास हिशोबात धरला का.

त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा पडताळणीचा. ज्या लोकांवरून धोका काढायचं सूत्र बनवलं त्यांच्यावरच ते तपासलं तर निकाल छानच येणार. तालमीतल्या जोडीवर रोज डाव बसतो म्हणून खासबागेत अनोळखी पैलवानावर बसेलच असं नाही. म्हणून सूत्र नव्या लोकांवर तपासलं का, हे स्पष्ट लिहायचं. आणि निकालही दोन अंगांनी द्यायचा. एक, आजारी आणि निरोगी माणसाची जोडी पुढं ठेवली तर सूत्र आजाऱ्याला जास्त गुण देतं का. नाणं उडवूनही निम्म्या वेळा बरोबर येतंच. दुसरं, ज्यांना ‘वीस टक्के’ सांगितलं त्यांच्यातल्या शंभरांत खरोखर वीसच जणांना आजार झाला का. पहिल्यात पास होणारं सूत्र दुसऱ्यात सपशेल आपटू शकतं.

पुढं हजारो-लाखो जनुकबदलांची बेरीज करणारे गुणांक आले, तेव्हा २०२१ मध्ये त्यांच्यासाठी नवी नियमावली निघाली. तिच्यात सहभागी लोकांचा वंश नोंदवण्यावर मोठा भर आहे, आणि आपल्याला हे लागू पडतं. २०१९च्या एका मोजदादीनुसार जनुकीय अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावर बेतलेला गुणांक करवीर तालुक्यातल्या माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडं जीनोम इंडिया प्रकल्पानं सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचलेत आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली.

मित्राला मी लॅबला विचारायचे प्रश्न लिहून दिले: कुठल्या लोकांवर बनवलं, कुठल्या लोकांवर तपासलं, शंभरात किती? पेला रिकामा करता करता तो सहज बोलून गेला, त्याच्या वडिलांना चाळिशीतच शुगर निघाली होती. ते लॅबनं विचारलंच नव्हतं.