दोन टक्के मतांत २२ खासदार आणि दोन टक्के मतांतच शून्य

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा सगळ्यांचं लक्ष २४० आणि ९९ या दोन आकड्यांवर होतं, भाजप आणि काँग्रेस. पण त्याच निकालात खालच्या ओळींमध्ये चार पक्ष होते, बसपा, वायएसआर काँग्रेस, तेलुगू देसम आणि द्रमुक, आणि या चौघांनाही देशभरातल्या एकूण मतांपैकी साधारण दोन-दोन टक्के मतं मिळाली होती, थोडं इकडे थोडं तिकडे. आता त्यांचे खासदार बघा. बसपा शून्य, वायएसआर काँग्रेस ४, तेलुगू देसम १६ आणि द्रमुक २२. आणि या चौघांत सगळ्यात कमी टक्के कुणाचे, तर द्रमुकचे!

मला हा त्या निकालातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो, कारण लोकसभेत कुणाचे किती खासदार बसणार हे नुसतं किती मतं पडली यावर ठरत नाही, ती कुठे पडली यावर जास्त ठरतं, आणि हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

द्रमुकची सगळी मतं तामिळनाडूत, त्यातही फक्त २२ मतदारसंघांत, बाकीच्या जागा त्यांनी मित्रपक्षांना सोडलेल्या, म्हणजे मतं एका ठिकाणी दाटलेली आणि वर मित्रपक्षांची मतं मिळालेली, त्यामुळे २२ लढवल्या आणि २२ जिंकल्या. बसपाचं बरोबर उलटं. चारशेपेक्षा जास्त ठिकाणी उमेदवार, आघाडी कुणाशीच नाही, एकूण मतं सव्वा कोटीच्या वर, पण ती एवढ्या मोठ्या प्रदेशावर पातळ पसरलेली की एकाही मतदारसंघात पहिला नंबर आला नाही. २०१४ ला तर बसपा चार टक्क्यांच्या वर मतं घेऊन देशात तिसऱ्या नंबरवर होती, तेव्हाही जागा शून्यच.

आंध्रचं गणित आणखी मजेशीर आहे. तिथे लोकसभेला वायएसआर काँग्रेसला तेलुगू देसमपेक्षा जास्त मतं पडली, साधारण ३९.६ टक्के विरुद्ध ३७.८ टक्के. पण वायएसआर काँग्रेस सगळ्या २५ जागांवर एकटी लढली आणि तेलुगू देसम १७ च जागांवर, बाकीच्या भाजप आणि जनसेनेला दिलेल्या. त्या १७ जागांवर तिन्ही पक्षांची मतं एका उमेदवाराला मिळाली आणि १६ आल्या. जास्त मतं घेणाऱ्याला ४ आणि कमी मतं घेणाऱ्याला १६.

हे सगळं होतं ते आपल्या पद्धतीमुळे. एका मतदारसंघातून एकच खासदार, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, मग ती ५१ टक्के असोत नाहीतर ३० टक्के. हरलेल्याला पडलेली मतं आणि जिंकलेल्याला गरजेपेक्षा जास्त पडलेली मतं, दोन्हींचा सभागृहातल्या संख्याबळावर काहीच परिणाम होत नाही. मुंबई उत्तर पश्चिमला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, ४,५२,६४४ विरुद्ध अमोल कीर्तिकरांची ४,५२,५९६. ईव्हीएमच्या मोजणीत तर कीर्तिकर एका मताने पुढे होते, पोस्टल मतांनी निकाल फिरला. तिथेच नोटाला १५ हजारांच्या वर मतं आहेत. दुसरीकडे इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि भाजपचा उमेदवार पावणेबारा लाखांच्या लीडने आला. ४८ चा लीड आणि पावणेबारा लाखांचा लीड, सभागृहात दोन्हींची किंमत एक खासदार.

मतांचं जागांमध्ये रूपांतर कसं होतं यावर शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ अभ्यास चाललाय. ब्रिटनमध्ये निवडणुकांचे आकडे बघून एक नियम मांडला गेला, त्याला क्यूब लॉ म्हणतात, म्हणजे घनाचा नियम. दोनच मोठे पक्ष असतील तर त्यांच्या मतांचं जे गुणोत्तर असेल त्याचा घन केला की जागांचं गुणोत्तर येतं. मतं ५२ विरुद्ध ४८ पडली तर जागा ५२-४८ न येता साधारण ५६-४४ येतात. पुढे असलेल्याला वर बोनस मिळतो आणि मागे असलेल्याला दंड बसतो.

आता हा नियम महाराष्ट्राला लावून बघू. २०२४ ला महायुती आणि महाविकास आघाडी दोघांचीही मतं ४३ टक्क्यांच्या आसपास, फरक जेमतेम एखाद्या टक्क्याचा. क्यूब लॉ म्हणेल २५-२३ असं काहीतरी यायला हवं. आलं काय तर ३० विरुद्ध १७, आणि सांगलीची एक अपक्षाला. नियम का फसला तर तो धरून चालतो की मतं राज्यभर एका ठराविक पद्धतीने विखुरलेली आहेत, आणि आपल्याकडे तसं नव्हतं. मराठवाड्यातल्या ८ पैकी ७ जागा आघाडीला गेल्या, महायुतीला फक्त छत्रपती संभाजीनगर. कोकणपट्टीत उलट चित्र, पालघर, ठाणे, कल्याण, रायगड, रत्नागिरी-सिंधुदुर्ग सगळ्या महायुतीकडे. राज्याची सरासरी काढली की हे पट्टे दिसेनासे होतात आणि जागा मात्र त्या पट्ट्यांवरच ठरतात.

देशपातळीवर भाजपचंही तेच झालं. २०१९ ला ३७.४ टक्के मतं आणि ३०३ जागा, २०२४ ला ३६.६ टक्के आणि २४०. मतं एक टक्कासुद्धा कमी झाली नाहीत आणि जागा ६३ ने कमी! कारण उत्तर प्रदेशात ६२ वरून ३३, महाराष्ट्रात २३ वरून ९, जिथे मतं कमी झाली तिथे जागा पणाला लागलेल्या होत्या. आणि तामिळनाडूत मतं साडेतीन टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेली, तिथे जास्त जागा लढवल्या हेही आहेच, पण जागा आधीही शून्य आणि नंतरही शून्य. काँग्रेसला १९५२ मध्ये ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा होत्या, तोही याच पद्धतीचा बोनस, तेव्हा कुणा एका पक्षाची ही मक्तेदारी नाही. ब्रिटनमध्ये २०२४ ला रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतांवर ५ जागा आणि लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्के मतांवर ७२ जागा मिळाल्या.

सभागृहात खरे पक्ष किती हे मोजायचीही एक पद्धत आहे. नावं मोजली तर लोकसभेत चाळीसच्या आसपास पक्ष भरतात, पण एक खासदारवाला पक्ष आणि २४० वाला पक्ष सारखे कसे धरायचे? म्हणून १९७९ मध्ये लाक्सो आणि तागेपेरा या दोघांनी एक सोपा फॉर्म्युला दिला. प्रत्येक पक्षाचा जागांमधला वाटा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि १ ला त्या बेरजेने भागायचं. दोन पक्ष निम्मे-निम्मे असतील तर उत्तर बरोबर २ येतं. भाजपचा २०२४ चा वाटा ०.४४, त्याचा वर्ग ०.१९५, काँग्रेसचा ०.१८ चा वर्ग ०.०३३, पुढचे सगळे पक्ष मिळून अगदी थोडी भर घालतात, बेरीज ०.२४ च्या आसपास, म्हणजे उत्तर ४.२. हाच हिशोब २०१९ चा केला तर ३ येतो. आणि जागांऐवजी मतांवर केला तर दोन्ही वेळा पाचाच्या पुढे जातो. म्हणजे मतदारांनी मतं देताना देश जितका विभागलेला आहे तितका तो सभागृहात पोचत नाही, मधे गाळला जातो. माझं मत विचाराल तर निकालाच्या दिवशी चॅनेलवाल्यांनी जागांच्या शेजारी मतांचे टक्के तेवढ्याच मोठ्या अक्षरात दाखवायला हवेत, नाहीतर ६३ जागा गेल्या म्हणजे देशाचं मन केवढं बदललं असं लोकांना वाटत राहतं.

यातला राईन तागेपेरा हा मूळचा फिजिक्सचा माणूस. त्यानेच १९७२ मध्ये मांडलं होतं की देशाच्या लोकसंख्येचं घनमूळ काढलं की खालच्या सभागृहाच्या सदस्यसंख्येचा अंदाज येतो. त्याचा युक्तिवाद असा की खासदाराला दोन बाजूंना बोलावं लागतं, एकीकडे मतदारसंघातली माणसं आणि दुसरीकडे सभागृहातले बाकीचे सदस्य, सभागृह लहान केलं तर मतदारसंघ अवाढव्य होतात आणि मोठं केलं तर सभागृहात एकमेकांशी बोलणं अशक्य होतं, घनमूळाच्या आसपास दोन्ही ओझी मिळून कमीत कमी होतात. १४० कोटींचं घनमूळ सुमारे १,१२०, आणि २०२४ ला आपण निवडून दिले ५४३.

राज्यांचा वाटा तर १९७१ च्या जनगणनेवर ठरलेला, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो गोठवला आणि ८४ व्या दुरुस्तीने मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कारण साधं होतं, ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांच्या जागा कमी होऊ नयेत. पण परिणाम असा की २०११ च्या लोकसंख्येने बघितलं तर राजस्थानात एका खासदारामागे २७ लाखांच्या वर माणसं, उत्तर प्रदेशात २५ लाख, तामिळनाडूत साडेअठरा आणि केरळात पावणेसतरा लाखांच्या आसपास. महाराष्ट्र २३ लाखांच्या वर, देशाच्या सरासरीपेक्षा थोडा पुढे. गोव्यात दोन जागा आणि माणसं साडेचौदा लाख, म्हणजे एका खासदारामागे सव्वासात लाख. त्याच ५४३ जागा २०११ च्या लोकसंख्येवर नव्याने वाटल्या असत्या तर महाराष्ट्राच्या ४८ च्या साधारण ५० झाल्या असत्या, म्हणजे आपल्याला फार फरक पडला नसता, आणि केरळच्या मात्र २० वरून १५ वर आल्या असत्या.