गावातली बाटली आडवी करायची तर: अर्ज, सह्या आणि मतदान

महाराष्ट्रात परवान्यावर चाललेलं दारूचं दुकान बंद करायचा अधिकार त्या गावातल्या किंवा प्रभागातल्या मतदारांना आहे, आणि बायकांना तो स्वतंत्रपणे वापरता येतो. मोर्चा नेऊन दुकानाला कुलूप ठोकलं तर गुन्हा कुलूप ठोकणाऱ्यांवरच दाखल व्हायची शक्यता जास्त. रीतसर वाट राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशात आखून दिली आहे. मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावं, आडवी म्हणजे बंद व्हावं.

हे मतदान फक्त परवानाधारक दुकानासाठी असतं. हातभट्टी, टपरीमागे किंवा ढाब्यावर चोरून विकली जाणारी दारू मुळातच बेकायदेशीर आहे, तिच्यासाठी मत कसलं मागायचं? तिथे थेट तक्रार करायची. ‘आमच्या गावात दारूबंदी करा’ असा मोघम अर्ज दिला की दोन्ही विषयांची सरमिसळ होते आणि एकही धड पुढे सरकत नाही. म्हणून दोन वेगळे अर्ज करा.

दुकानबंदीच्या मागणीसाठी गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के महिलांच्या सह्या लागतात. स्त्री-पुरुष मिळून एकूण मतदारांच्या 25 टक्के सह्यांचाही पर्याय आहे, पण माझं मत विचाराल तर महिलांचाच मार्ग धरा. ज्यांच्या घरात दारूमुळे भांडी विकली गेली आहेत, त्या सही करून नंतर मागे फिरत नाहीत. शहरात गावाऐवजी प्रभागाची मतदार यादी धरली जाते.

अर्ज जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या नावे लिहावा, त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. दुकानाचं नाव, पत्ता, परवान्याचा प्रकार (देशी दारू, वाईन शॉप, बीअर शॉपी) स्पष्ट लिहा. सोबत सह्यांचा तक्ता जोडा. त्यात प्रत्येकीचं यादीत जसं छापलंय तसं पूर्ण नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि सही किंवा अंगठा असावा. मतदार यादीची प्रत आणि असल्यास ग्रामसभेच्या ठरावाची नक्कलही लावा. शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

पुढची पायरी सह्यांच्या पडताळणीची. बरेच अर्ज इथेच गळतात. अधिकारी गावात येतात, सही केलेल्या महिलांना ओळखपत्र घेऊन हजर राहायला सांगतात आणि सही तुमचीच का, हे तपासतात. त्या दिवशी निम्म्या बायका कापूस वेचायला गेलेल्या असल्या तर सह्या कागदावर राहतात आणि आकडा 25 टक्क्यांखाली येतो. त्यामुळे नेमक्या 25 टक्क्यांवर थांबू नका, 35-40 टक्के सह्या गोळा करा. मतदार ओळखपत्र किंवा आधार आधीच काढून ठेवायला सांगा.

पडताळणीत आकडा टिकला की मतदानाची तारीख ठरते आणि गुप्त मतदान होतं. खरी मेख इथे आहे. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत 1,200 महिला आहेत. मतदानाला 700 आल्या, 590 जणींनी आडवी केली आणि 110 जणींनी उभी ठेवली. सरळ हिशेबाने हा दणदणीत विजय, पण दुकान चालूच राहतं, कारण लागत होती 601. घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. नियम अन्यायकारक वाटतो, मलाही वाटतो, पण आहे तो असा.

म्हणून तयारी सह्यांपासून नाही, मतदार यादीपासून सुरू करायची. मृत महिलांची आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकींची नावं यादीत तशीच पडून असतील, तर तीही त्या 1,200 मध्ये धरली जातात. अशी नावं वगळण्यासाठी नमुना 7 भरावा लागतो. गावात आलेल्या सुनांचं नाव पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर नमुना 6, माहेरच्या यादीतून इकडे आणायचं असेल तर नमुना 8. बीएलओला (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) गाठून हे काम अर्जाच्या कितीतरी आधी उरका. यादी स्वच्छ झाली की जिंकायला लागणारा आकडाच खाली येतो.

मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या आणि आजारी बायकांना केंद्रापर्यंत आणायची जबाबदारी गल्लीनिहाय वाटून घ्या. आदल्या रात्री साड्या आणि पैसे वाटल्याचं कळलं तर लगेच लेखी तक्रार द्या. निकालानंतर बोंब मारण्यात अर्थ नसतो.

बेकायदा दारूची तक्रार पोलीस ठाण्यात किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करता येते, तातडीचं असेल तर 112 वर. अशी विक्री महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली गुन्हा आहे. जागा, वेळ आणि माल कुठून येतो एवढं नेमकं लिहा. 2016 च्या दुरुस्तीने ग्रामसभेला ग्रामरक्षक दल नेमण्याची सोय झाली आहे. एकट्यादुकट्याने नाव पुढे करण्यापेक्षा दलाकडून तक्रार गेलेली बरी.

गांजाला दारूबंदी कायदा लागत नाही. त्यासाठी 1985 चा अमली पदार्थ कायदा आहे आणि तो बराच कडक आहे. 1 किलोपेक्षा कमी गांजा ‘अल्प मात्रा’ धरला जातो, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 20 किलोपेक्षा जास्त म्हणजे व्यापारी मात्रा, तिथे शिक्षा दहा वर्षांपासूनच सुरू होते. उसात किंवा तुरीत चार झाडं लपवून लावणाऱ्यालाही दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. माहिती द्यायला 1933 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. व्यसन सोडायचं असलेल्यांनाही तिथून मदत मिळते.